अर्धा मीटर जास्त

बर्फखान्यापुढची रांग पुढे सरकत नव्हती, कारण रांगेत सर्वांत पुढे उभा असलेला माणूस बोलत होता.

तसा तो भरभर बोलणाऱ्यांपैकी नव्हता. त्याचं एकेक वाक्य धक्क्याला लागणाऱ्या होडीसारखं येत होतं. आधी लांबून दिसायचं, मग बराच वेळ जायचा, आणि मग कुठे ते टेकायचं. बर्फवाला मात्र हातातलं फावडं टेकवून आवडीनं ऐकत होता.

“एक मीटर लाट असली की बाई दीड सांगतात,” तो म्हणाला. “दीड असली की दोन. दूधवाला दुधात पाणी घालतो ना... तशा आपल्या हवामानवाल्या बाई समुद्रात लाट घालतात. अर्धा मीटर. पदरची.”

बर्फवाला हसला. रांगेतले दोघेतिघे हसले. त्यांच्या मागे हातात स्टीलचा डबा घेऊन उभी असलेली मुलगी हसली नाही, कारण हवामानवाल्या बाई म्हणजे तीच होती.

रोज सकाळी बंदरावरच्या हवामान कचेरीतून वायरलेसवर समुद्राचा अंदाज वाचायचं काम तिचं. बंदरातल्या साऱ्या बोटी तो ऐकून मगच बाहेर पडत. तिला आवाजानं सगळं बंदर ओळखत होतं आणि चेहऱ्यानं जवळजवळ कुणीच नाही. पण पदरची लाट? तिनं आयुष्यात भाजीत मीठसुद्धा कधी अंदाजानं घातलं नव्हतं.

“तुम्ही मोजता का लाट?” तिनं मागून विचारलं.

तो वळला. उंच होता, उन्हानं रापलेला, आणि वळायलाही त्याला वाक्याइतकाच वेळ लागला.

“मोजत नाही,” तो म्हणाला. “अंगावर येते.”

“मग बरोबर आहे. उंच माणसांना ती अर्धा मीटर कमीच वाटणार.”

बर्फवाल्यानं घाईघाईनं फावडं उचललं आणि खोकी भरायला घेतली. चुरा केलेला सगळा बर्फ त्या माणसाच्या खोक्यांत गेला, तेव्हा दुकानात उरल्या फक्त लाद्या. तिच्या डब्याकडे पाहून त्या उंच माणसानं विचारलं, कशाला हवाय? ती म्हणाली, बाबा इंजिनावरून उतरताना पडले, पाय मुरगळलाय. त्यावर त्यानं आपल्या खोक्यातला बर्फ दोन्ही हातांनी तिच्या डब्यात भरला. काठोकाठ. बोटं लाल झाली तरी थांबला नाही.

“फडक्यात गुंडाळून लावा. नुसता लावलात तर कातडी जळते.” मग जरा थांबून, “काय काम करता तुम्ही?”

“वाचनाचं,” ती म्हणाली. खोटं ते नव्हतं.

“पुस्तकं?”

“नाही... रोज सकाळी एक पान.”

“एकच पान,” तो विचार करत म्हणाला. “बरं काम आहे.”

घरी जाईपर्यंत डब्यातला बर्फ थोडा वितळला, आणि तिचा रागही. पूर्ण नाही वितळला. उद्यापुरता तिनं राखून ठेवला.

कचेरी बंदराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. एक खिडकी, एक करकरणारा पंखा, भिंतीवर समुद्राचे नकाशे, आणि टेबलावर वायरलेसचा खोका. कळ दाबली की आपण बोलायचं, सोडली की जग बोलतं. वाऱ्याची दिशा, लाटेची उंची, दोन लाटांमधलं अंतर, आणि हंगामात आणखी एक गोष्ट ती वाचायची: निळं पाणी किनाऱ्यापासून किती लांब आहे. कोरड्या महिन्यांत खोल समुद्रातलं ते गरम, गडद निळं पाणी किनाऱ्याच्या हिरवट पाण्याला येऊन भिडतं. दोन्हींच्या मधे वाहतं शेवाळ आणि कचऱ्याची रेघ असते, रेघेखाली लहान मासे, आणि लहान माशांमागे मोठे. पाठीवर शिडासारखा पर आणि तोंडाला भाल्यासारखी चोच असलेले, माणसापेक्षा लांब. ते गळाला लावायची हौस म्हणून दूरदूरचे पाहुणे या बंदरावर येत, आणि त्यांना निळ्या पाण्यापर्यंत घेऊन जाणाऱ्या बोटींचा सारा हंगाम तिच्या त्या एका पानावर चालायचा.

वाचन झालं की ती एकेका बोटीचं नाव घ्यायची. बोटीनं “ऐकलं” म्हणायचं. जिनं म्हटलं नाही, तिनं बाहेर पडायचं नाही. तसा नियमच होता.

त्या सकाळी तिनं नेहमीसारखंच वाचलं. लाटेपाशी आली आणि कळ दाबलेलीच ठेवून क्षणभर थांबली.

“लाटेची उंची एक मीटर,” ती म्हणाली. “पूर्ण एक. पदरचा अर्धा मीटर घातलेला नाही.”

मग नावं घेतली. ‘चांदणी’ म्हणाली ऐकलं. ‘मैना’ म्हणाली ऐकलं. ‘भरारी’ म्हणाली ऐकलं.

“सुसाट?”

खरखर. नुसती खरखर.

“सुसाट, ऐकलं का?”

बराच वेळ गेला. तेवढ्यानंच तिला कळलं, तो माणूस याच बोटीवर आहे. बोटीचं नाव सुसाट, आणि बंदरातली सर्वांत सावकाश बोट तीच.

“ऐकलं,” आवाज आला. मग पुन्हा बराच वेळ. मग, “काकांचा पाय कसा आहे?”

वायरलेसचं एक असतं, एकाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं. ‘मैना’ चालवणारे आजोबा बंदरातले सर्वांत जुने. त्यांचा आवाज लगेच आला. “कोण काका? कुणाचा पाय? अरे, आम्हालाही कळू द्या काहीतरी.”

तिनं कळ सोडली आणि तोंडावर ओढणी धरून हसली. दुपारपर्यंत सगळ्या बंदरात तिचं नाव अर्धामीटर पडलेलं होतं.

तो माफी मागायला आला, तो कचेरीत नाही, थेट घरी. म्हणजे निमित्त बोटीच्या पंपाचं होतं. घराच्या खालच्या मजल्यावर बाबांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान, आणि बंदरातली निम्मी इंजिनं बाबांच्याच हाताखालून गेलेली. बाबा पाय स्टुलावर ठेवून बसले होते आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडत होते. पंप उघडायला तोच बसला. पाने हातात द्यायला ती.

“बोटीचं नाव सुसाट आणि चाल ही,” बाबा म्हणाले. “नाव ठेवणाऱ्याला विनोदाची आवड असणार.”

“बोट नवी असताना ठेवलं, काका. तेव्हा सगळेच सुसाट असतात.”

बाबांना उत्तर आवडलं. पण एक गोष्ट त्यांना कधीच पटली नव्हती, आणि हाताशी आलेल्या माणसाला ते ती विचारल्याशिवाय सोडणार नव्हते. एवढं इंधन जाळून जायचं, तासन्‌तास गळाचा तंगूस ओढत बसायचं, एवढा मोठा मासा बोटीपर्यंत आणायचा, आणि सोडून द्यायचा? ही कसली मासेमारी? म्हणजे बाजारात जाऊन, भाव करून, भाजी हातात घेऊन, परत टोपलीत ठेवून घरी यायचं.

तो हसला. मग पंपातून डोकं वर काढून, बाबांना नाही, तिला सांगू लागला. “तो नुसता सोडून दिला तर बुडतो. ओढाओढीत दमलेला असतो ना. म्हणून गळ काढल्यावर त्याला बोटीच्या कडेला हातानं धरायचं, आणि बोट हळूहळू पुढे न्यायची... अगदी हळू. कल्ल्यांतून पाणी जायला लागतं. मग रंग परत येतो. आधी राखाडी झालेला असतो, तो निळा व्हायला लागतो. तरी सोडायचं नाही.”

“मग कधी सोडायचं?”

“तो स्वतः शेपूट मारतो. जोरात. तेव्हा हात सोडायचा. त्याच्या आधी नाही.”

ती पाना हातात धरून तशीच उभी राहिली. बाबा म्हणाले, तो चौदाचा पाना त्याला देणार आहेस, की त्याच्या कल्ल्यांतूनही पाणी जायची वाट बघतेस? तिनं पाना पुढे केला. त्यानं घेतला. घेताना दोघांचीही बोटं जरा जास्त वेळ लोखंडावर राहिली, आणि ते लोखंड काही एवढं जड नव्हतं.

त्यानंतर ‘सुसाट’ नुसतं ऐकलं म्हणेनाशी झाली. रोज एक प्रश्न असायचाच.

“दुपारनंतर वारा फिरेल का?”

“फिरेल. पण जोर नसेल.”

“मग... संध्याकाळी धक्क्यावर बसण्यासारखं आहे म्हणायचं.”

“आम्ही अंदाज समुद्राचा सांगतो,” ती म्हणाली. “धक्क्याचा नाही.”

“धक्क्यावर हवा फार छान असेल, पोरी,” मैनाचे आजोबा मधेच म्हणाले. “माझे गुडघे सांगतायत.”

हवा खरंच छान होती. पहिल्या संध्याकाळी ते धक्क्याच्या टोकाला बसले तेव्हा दोघांच्या मधे दोराचं एक मोठं वेटोळं होतं. पुढच्या वेळी ते वेटोळं कुणीतरी उचलून नेलेलं होतं. कुणी नेलं ते तिनं विचारलं नाही. त्याच्या तळहातांना दोराचा काथ्या लागलेला तिला दिसला होता.

एवढी वर्षं समुद्र वाचूनही ती बंदराच्या भिंतीपलीकडे कधी गेली नव्हती. होडीत पाय ठेवला की तिला पोटात ढवळायचं. हे सांगताना तिला लाज वाटली, तर तो म्हणाला, बरंय, म्हणूनच तुम्हाला समुद्र इतका नीट दिसतो. आणि मग तो तिला रोज थोडा समुद्र आणून द्यायला लागला. आज रेघेवर वाहत आलेल्या एका ओंडक्यावर खेकडा बसला होता, जणू प्रवासाला निघालाय. आज एका पाहुण्यानं दिवसभर काही मिळालं नाही म्हणून तोंड पाडलं, आणि परतताना त्याच्या मांडीवर उडणारा मासा येऊन पडला. निळं पाणी कसं असतं? त्यानं बराच विचार केला. म्हणाला, “आत हात घातला तर हात निळा होऊन बाहेर येईल असं वाटतं. येत नाही. पण रोज वाटतं.”

असा हंगाम सरत गेला. सकाळी जमिनीकडून येणारा हलका वारा दिवसेंदिवस लवकर पडायला लागला. दोन लाटांमधलं अंतर हळूहळू वाढू लागलं. नुसत्या उंचीपेक्षा अनुभवी माणूस या अंतराला जास्त भितो, कारण लांब अंतराची लाट कुठल्यातरी दूरच्या वादळातून निघालेली असते आणि ती आली की पाठोपाठ बंद हंगाम येतो.

तेव्हाच एका संध्याकाळी त्यानं सांगितलं. बोटीच्या मालकीणबाई पलीकडच्या किनाऱ्यावर राहतात. इकडचा हंगाम संपला की तिकडचा सुरू होतो, म्हणून दरवर्षी ‘सुसाट’ भूशिराला वळसा घालून तिकडे जाते आणि सहा महिन्यांनी परत येते. पण या वेळी बाईंनी तिकडेच जागा घेतलीय. बोट परत येणार नाही.

“बोट,” ती म्हणाली.

“बोट.”

“आणि...”

“बोट आहे तिथे चालवणारा असतो,” तो म्हणाला. आणि तिच्याकडे पाहत राहिला. सावकाश माणसाचं पाहणंही सावकाश असतं. उत्तर द्यायला त्यात भरपूर जागा होती.

तिच्या मनात खूप काही आलं. तोंडातून एवढंच निघालं, “उद्या वारा नैऋत्येचा असेल. दुपारी जपून.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा खरोखरच उठला. सगळ्या बोटी परत आल्या, ‘सुसाट’ आली नाही. तिनं नाव घेतलं. खरखर. पुन्हा घेतलं. एरवी त्याच्या उत्तराला लागणारा उशीर तिला आवडायचा. त्या दुपारी तिला कळलं, उशीर आणि शांतता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कचेरीतल्या साहेबांनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. ती नाव घेत राहिली, घसा बसेपर्यंत.

संध्याकाळी धुक्यासारख्या तुषारांतून ती बोट आली. वायरलेसच्या तारेत पाणी गेलं होतं, एवढंच. तो तिचा प्रत्येक शब्द ऐकत होता, उत्तर देता येत नव्हतं. तो जिना चढून सांगायला आला तर ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. “ऐकलं,” एवढंच ती म्हणाली, आणि वळली नाही.

आता हंगामातली शेवटची फेरी उरली होती. ‘सुसाट’ला पाहुण्यांना घेऊन सर्वांत लांबच्या ठिकाणी जायचं होतं, जिथे समुद्राचा तळ एकदम उंचावतो आणि मोठे मासे घिरट्या घालतात. आदल्या रात्रीचे आकडे तिच्यापुढे होते. लाट दीड मीटर. दोन मीटर झाली तर बोटींना निळ्या पाण्यात जायला बंदी, दीडला नाही. अंतर थोडं वाढलेलं, पण धोक्याचं नाही. तिनं कळ दाबली. त्या दुपारची खरखर तिच्या कानातून अजून गेली नव्हती.

“लाटेची उंची,” ती म्हणाली, “दोन मीटर.”

ज्या अर्ध्या मीटरचा आळ पहिल्या दिवशी तिच्यावर आला होता, तो तिनं शेवटी खरा करून दाखवला. भीतीनं घातला, की तो आणखी एक दिवस जमिनीवर राहावा या लोभानं, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

त्या दिवशी समुद्र ताटासारखा सपाट राहिला. सकाळी राहिला, दुपारी राहिला, संध्याकाळी तर त्यात ढगांची प्रतिबिंबं पडली. बोटी धक्क्याला बांधलेल्या, पाहुणे सामानावर बसलेले, आणि सगळं बंदर त्या सपाट पाण्याकडे बघत होतं. दुपारपर्यंत पाहुण्यांनी मालकीणबाईंना फोन केला. बाईंनी बोटीला निरोप धाडला. फेऱ्या पुरे झाल्या, पहिला चांगला दिवस मिळाला की निघून या. त्याला एक दिवस थांबवायला गेलेली ती, तिनंच त्याचे उरलेले दिवस काढून टाकले होते.

साहेब रागावले नाहीत. अंदाज आहे, चुकायचाच, असं म्हणून ते घरी गेले. तीही तेच म्हणू शकली असती. कुणाला काही कळलं नसतं. पण दुसऱ्या सकाळी वाचनाआधी ती म्हणाली, “कालची चूक नुसत्या अंदाजाची नव्हती. आलेले आकडे मी वाचताना वाढवून वाचले. पानावर दीडच मीटर होती. माझ्यामुळे सगळ्यांचा दिवस गेला. पुन्हा असं होणार नाही.”

मग तिनं नावं घेतली, एकामागून एक ऐकलं आलं. ‘सुसाट’नंही एरवीपेक्षा लवकर ऐकलं म्हटलं, प्रश्न काही विचारला नाही.

प्रश्न विचारायला तो जिना चढून आला. दारात उभा राहिला. पंखा करकरत होता.

“इतक्या दिवसांत तुमचा आकडा कधी चुकला नाही,” तो म्हणाला. “बर्फखान्यात मी बोललो ते उगाच. बर्फवाल्याला हसवायला. मग कालचा तो अर्धा मीटर... तो कुणासाठी होता?”

ती नकाशाकडे बघत राहिली.

“सगळ्या बोटींसाठी नव्हता,” ती शेवटी म्हणाली.

तो एक पाऊल आत आला, थांबला. मग म्हणाला, “निघायला चांगला दिवस तुम्हीच सांगायचा मला. तुम्ही सांगाल तो खरा. मी दुसरीकडे विचारणार नाही.” आणि खाली उतरला. जिन्यावर त्याची पावलं किती तरी वेळ वाजत होती.

पेच तिथेच होता. आकडे आले तेव्हा तिला दिसलं की चांगला दिवस एकच आहे, उद्याचा. वारा जमिनीकडून, लाट खाली. त्यानंतर मागोमाग लांब अंतराच्या मोठ्या लाटा, आणि मग हंगाम बंद. उद्या ती दोन मीटर म्हणाली, तर ‘सुसाट’ भूशिराला वळसा घालू शकणार नाही. अख्खा बंद हंगाम याच धक्क्याला बांधून राहील, आणि बोटीबरोबर तोही. शंका घेणारं कुणी नव्हतं. तो तर नाहीच.

सकाळी तिनं कळ दाबली.

“लाटेची उंची एक मीटर. वारा जमिनीकडून, हलका. दोन लाटांमधलं अंतर कमी. भूशिरापलीकडेही हीच स्थिती.” इथपर्यंत आवाज नेहमीचा होता. “ज्यांना लांब जायचंय... त्यांना निघायला दिवस चांगला आहे.”

“सुसाट?”

तो उशीर तिच्या ओळखीचा होता. ती शांतता नव्हती. पलीकडे कुणीतरी होतं.

“ऐकलं,” तो म्हणाला. आणि मग, सगळं बंदर ऐकत असताना, “अर्धा मीटर घातला असतात, तर थांबलो असतो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

एरवी आजोबांनी हे सोडलं नसतं. पण त्यांचा आवाज आला तो अगदी खालच्या पट्टीत. “मैना. ऐकलं.”

खिडकीतून ती बघत होती. बंदराच्या भिंतीबाहेर पडायला ‘सुसाट’नं नेहमीइतकाच वेळ घेतला.

मग हंगाम बंद झाला. समुद्र राखाडी झाला, बोटी जमिनीवर ओढल्या गेल्या, त्यांच्यावर ताडपत्र्या आल्या आणि ताडपत्र्यांवर पाऊस. बाबांच्या दुकानात इंजिनांची रीघ लागली. बंद हंगामातच बोटींची इंजिनं उघडतात, आणि बाबांचा पाय अजून पूर्वीसारखा टेकत नव्हता. मदतीला कुणी ठेवा असं तिनं सुचवलं, तर ते म्हणाले बघू, आणि विषय बदलला.

समुद्रात बोटी नसल्या तरी वाचन बंद होत नसे. ऐकायला कुणीच नसताना ती रोज वाचायची. लाट साडेतीन मीटर, लाट चार मीटर, नौका बाहेर काढू नयेत. नावं घ्यायचीही गरज नव्हती. पण शेवटी कळ सोडण्याआधी ती हल्ली एक वाक्य जास्तीचं म्हणायची. ते पानावर लिहिलेलं नसायचं.

“कुणी ऐकतंय?”

खरखर यायची. मग ती चहा करायला उठायची.

एका सकाळी पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की तिलाच तिचं वाचन ऐकू येईना. लाट चार मीटर. नौका बाहेर काढू नयेत. “कुणी ऐकतंय?” ती म्हणाली, आणि कळ सोडून किटलीकडे वळली.

खरखर झाली. बराच वेळ गेला.

“ऐकलं.”

तिचा हात किटलीवर तसाच राहिला. आवाज फार स्वच्छ होता. त्याच्यामागे इंजिनाची घरघर नव्हती, पाण्याची चपचप नव्हती. फक्त कुठेतरी लोखंडावर हातोडी पडत होती.

“सुसाट?” ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं ‘सुसाट’ कुठे आहे ते. “कुठून... कुठून बोलताय?”

“समुद्रसपाटीच्या जरासंच वर,” तो म्हणाला. “पाणी घोट्यापर्यंत आहे. लाट नाही.”

हातोडी थांबली. कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला ती जन्मल्यापासून ओळखत होती. दुकानात तपासणीसाठी ठेवलेला जुना वायरलेस बाबांनी ओढून घेतला असावा. “त्या बॅटरीचं तेल काढू नका दोघं,” बाबा म्हणाले. “ये घरी. समोरासमोर बोला काय ते.”

साहेबांना तिनं काय सांगितलं ते तिला नंतर आठवेना. साहेबांनी छत्री दिली, ती तिनं उघडली नाही एवढं मात्र रस्त्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं.

दुकानाच्या मधोमध एक इंजिन उघडं पडलं होतं आणि त्याच्यापाशी तो उकिडवा बसला होता. बाह्या दुमडलेल्या, हात काळे, शेजारी प्रवासाची पिशवी अजून बांधलेली. बोट त्यानं मालकीणबाईंच्या हवाली केली होती. दुसरा चालवणारा शोधायला त्यांना जेवढे दिवस हवे होते तेवढे दिले, आणि बस पकडली. रस्ता ठिकठिकाणी वाहून गेलेला, म्हणून इतके दिवस लागले.

“एरवी लवकर आला असता जसा काही,” बाबा म्हणाले.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. बंद हंगामात हाताखाली ये, असं बाबांनी त्याला पंप उघडला त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. आजोबांचे डोळे अधू झाले होते, पुढच्या हंगामात ‘मैना’ तू चालव, असं त्यांनीही सांगितलं होतं. तो काही बोलला नव्हता, कारण जिच्या तोंडून ऐकायचं होतं ती वाऱ्याविषयी बोलत होती.

“मला कुणी काहीच सांगितलं नाही,” ती म्हणाली. केसांतून पाणी गळत होतं.

“तू समुद्राचा अंदाज सांगतेस,” बाबा म्हणाले. “घरातला आमच्याकडे राहू दे.”

ती त्याच्यासमोर खाली बसली. मधे इंजिन होतं. “त्या दिवशी मी वाढवून वाचलं असतं तर... इतकं फिरून यावं लागलं नसतं तुम्हाला.”

त्यानं बराच वेळ घेतला. तिनं तो घेऊ दिला.

“तेव्हा थांबलो असतो तर अडकून पडलेला माणूस असतो,” तो म्हणाला. “आता आलेला माणूस आहे.”

पाऊस ऐकत दोघं बसली. मग कामात काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं चौदाचा पाना मागितला. तिनं उचलून पुढे केला. या वेळी त्यानं पाना घेतला नाही. पान्यासकट तिचा हात धरला, तेलकट, गार, पावसानं ओला असलेला हात, अगदी हलकेच, जसं पाण्यात काही धरावं तसा.

बाबांनी पाठ फिरवली आणि एका चांगल्या भल्या नटावर विनाकारण हातोडी मारायला घेतली.

“हात धरून ठेवलाय तुम्ही,” ती म्हणाली.

“हो.”

“सोडणार कधी?”

तो हसला. आधी डोळ्यांत दिसलं, मग बराच वेळ गेला, आणि मग ओठांवर टेकलं.

“तुम्ही शेपूट मारलीत की.”

बाहेर चार मीटरच्या लाटा बंदराच्या भिंतीवर येऊन फुटत होत्या. तिनं हात मुळीच हलवला नाही.